केळ्याच्या कोल्ड रूममध्ये दोन वर्षं राहिलेली रासबेरीची बियर

दोन वर्षांपूर्वी भाचा अमेरिकेतून आला तेव्हा बॅगेत दोन टॉवेलांच्या मध्ये गुंडाळून त्याने एक बाटली आणली होती. त्याच्या पप्पांसाठी, म्हणजे आमच्या दाजींसाठी, बूट, ताईसाठी परफ्यूम, आणि मामासाठी बियर. कारण बियर या विषयावर त्याच्याशी तासतासभर बोलणारा घरात मी एकटाच. बाहेरून येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी न भरता आणता येते, त्या हिशोबात ही साडेसातशे मिलीची एक बाटली आरामात बसली.

बाटली होती डॉगफिश हेडची, नाव फोर्ट. भाचा राहतो त्याच डेलावेअर राज्यातली ही ब्रुअरी. सॅम कॅलाजिओनी नावाच्या माणसाने १९९५ साली रेहोबोथ बीच नावाच्या गावात एका छोट्या पबपासून सुरू केली, आता मोठा कारखाना मिल्टन गावाला आहे. बियरमध्ये काहीही घालून बघायचं यासाठीच ही मंडळी प्रसिद्ध आहेत. आणि ही फोर्ट म्हणजे रासबेरीचा गर भरपूर घालून केलेली एल (बियरचाच एक प्रकार), अल्कोहोल १८ टक्के.

हो, अठरा. आपल्याकडे स्ट्राँग म्हणून जी मिळते ती जास्तीत जास्त ८ टक्के, त्याच्या पुढची बियर म्हणून विकताच येत नाही, म्हणजे ही वस्तू जळगावच्या काय मुंबईच्या दुकानात पण मिळायची नाही. भाच्याने बाटली हातात देताना एवढंच सांगितलं की मामा, एकट्याने प्यायची नाही, एका दमात संपवायची नाही, आणि पप्पांना पण द्यायची.

आता ठेवायची कुठे. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंश, घरात भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, अशात बियरची बाटली कपाटात ठेवणं म्हणजे तिला उकळून मारणं. फ्रीजमध्ये ठेवली तर फार गार आणि वर पोरं दार उघडझाप करणार. मग डोक्यात आलं की अरे आपल्याकडे कोल्ड रूम आहे ना! मी केळ्याच्या धंद्यात आहे, राईपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोल्या, आहेत आणि शेजारी कच्चा माल ठेवायची एक थंड खोली. कच्चं केळं १३-१४ अंशांवर ठेवायचं असतं, त्याच्या खाली गेलं की केळ्याला थंडी लागते, साल आतून काळपट पडते आणि मग ते केळं काही केल्या नीट पिकत नाही, वर गेलं की आपोआप पिकायला लागतं. भाच्याला फोन करून विचारलं तर तो हसतच सुटला, म्हणाला मामा, अशी जबर बियर ठेवायला लोक इकडे तळघरं बांधतात आणि त्या तळघराचं तापमान बरोब्बर तेवढंच असतं, १२-१४ अंश. केळ्याला जे मानवतं तेच हिला मानवतं, मला या गोष्टीचा इतका आनंद झाला की त्याच दिवशी बाटली पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, वर आमच्या मालाचं स्टिकर लावून कोपऱ्यात उभी करून टाकली. आडवी नाही, उभी. वाईनची बाटली बुचासाठी आडवी ठेवतात, बियरची उभीच ठेवायची, म्हणजे खालचा गाळ खालीच राहतो.

आणि मग दोन वर्षं ती तिथेच. खरं सांगतो, विसरलो नव्हतो. रोज सकाळी खोली बघायला जातो तेव्हा खोक्याकडे नजर जायचीच. पण प्रसंग पाहिजे ना.

मध्ये थोडं रासबेरीबद्दल सांगतो, कारण माझ्या डोक्यात रासबेरी म्हणजे काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्या खान्देशात लहानपणी रासबेरी म्हणजे बर्फाच्या गोळ्यावर टाकतात ते लाल पाणी. जत्रेत नाहीतर शाळेच्या गेटावर, काला खट्टा, संत्रा आणि रासबेरी. ओठ, जीभ, शर्टाची बाही सगळं लाल. ते फळ असतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं, मला वाटायचं रासबेरी हा रंगच आहे. खरं फळ पहिल्यांदा खाल्लं ते लग्नानंतर महाबळेश्वरला, रस्त्यावर पानाच्या द्रोणात विकत होते ते, आणि मी पहिला घास खाऊन थांबलोच, कारण ते गोड नव्हतंच फारसं. आंबट, थोडं लाकडासारखं, बिया दाताखाली कुरकुरणाऱ्या, आणि वास मात्र असा की नाकात घर करून बसतो. गोळ्यातल्या लाल पाण्याचा आणि त्या फळाचा संबंध फक्त वासापुरता, तोही लांबच्या नात्याचा.

फळाची बियर त्याआधी एकदाच प्यायलेली, भाचा पुण्याला शिकत होता तेव्हा. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बियर बनवून देणारं ठिकाण, आणि नंतर हळूहळू बऱ्याच ठिकाणी ताजी बियर मिळायला लागली. भाच्यानेच मला त्याची गोडी लावली. पण एका जागी, नाव घेत नाही, त्याने हौसेने आंब्याची म्हणून मागवली आणि ती अक्षरशः साध्या बियरमध्ये आंब्याचं सरबत ओतल्यासारखी होती, वरचा गोडवा वेगळा, खालची बियर वेगळी, दोघांची ओळखच नाही. तेव्हापासून मी ठरवून टाकलं होतं की फळाची बियर म्हणजे फसवणूक. त्यामुळे या बाटलीबद्दल एका बाजूला उत्सुकता आणि एका बाजूला शंका, असं दोन वर्षं चाललं होतं.

प्रसंग आला तो यंदा जानेवारीत. आबांच्या मळ्यात भरीत पार्टी.

आमच्याकडे थंडी पडली की भरीत पार्टी झाल्याशिवाय थंडी पडली असं कोणी मानतच नाही. वांगी बामणोदची, पांढरट हिरवी, हातभर लांब, आत बी कमी. २०१६ मध्ये जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय, म्हणजे हा माल याच भागाचा असा सरकारी शिक्का, मिळाला, त्याच वर्षी आमच्या केळीलाही मिळाला, ते कागद नंतर झाले, चव आमच्या आज्यांना आधीपासून माहीत. मळ्यात कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवल्या, त्यावर वांगी टाकली, साल करपून फुटायला लागली की तो जो धूर येतो ना तो अंगाला दोन दिवस राहतो. मग सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि बरोबर कळण्याच्या पुऱ्या. मंडळी चार, म्हणजे पिणारी चार. मी, दाजी, माझा अमळनेरचा जुना मित्र, आणि धडगावकडचे एक मास्तर, जे आता इकडे शाळेत आहेत. मुक्काम मळ्यातच होता, गाडी कोणी चालवायची नाही हे आधीच ठरलेलं, आणि परमिट सगळ्यांचे आहेत, तोही विषय नाही. आबा माळकरी. ते शेकोटीजवळ बाजेवर, त्यांचा चहा वेगळा.

इथे एक घोळ झाला. मी बाटली कोल्ड रूममधून आणून नीट सावलीत ठेवलेली, आणि मी वांगी सोलण्यात गुंतलेलो असताना मित्राने प्रेमाने ती उचलून बर्फाच्या टोपात खोल घालून ठेवली. बियर म्हणजे चिल्ड, हे आपल्याकडे डोक्यात इतकं पक्कं बसलंय. मला कळलं तोपर्यंत पाऊण तास गेला होता आणि बाटली दगडासारखी गार.

ग्लास पण मळ्यावर स्टीलचे. स्टीलच्या ग्लासात रंग काय कळणार, म्हणून चहाचे छोटे काचेचे ग्लास धुऊन आणले, आणि खरं तर तेच बरोबर माप होतं. बाटली उघडली, फुस्स असा अगदी बारीक आवाज. ओतली तर फेस एक बोटसुद्धा नाही, कडेला पातळ गुलाबीसर रेघ आली आणि विरली. अल्कोहोल इतकं असलं की फेस टिकत नाही. रंग शेकोटीपुढे धरून बघितला तर काकवीत कुणी डाळिंबाचा रस मिसळावा तसा, तांबूस आणि जड. ग्लास तिरपा करून सरळ केला की आतल्या बाजूने थेंब सावकाश ओघळत होते, तेलासारखे.

पहिला घोट सगळ्यांनी एकदम घेतला. आणि सगळे गप्प.

मित्र म्हणाला, "भो, हाई ते खोकलानं औषध शे!"

आणि त्याचं चूक नव्हतं. गार असताना तिच्यात दोनच गोष्टी होत्या, एक चिकट गोडी आणि दुसरी घशात सरळ उतरणारी तिखट ऊब. रासबेरी कुठेच नाही. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू, दोन वर्षं सांभाळलेली वस्तू. दाजींनी ग्लास खाली ठेवला आणि शेंगदाणे खायला लागले. मी म्हटलं दहा-पंधरा मिनिटं थांबू, ग्लास हाताच्या मुठीत धरून बसू, भरीत होऊ द्या. बाटली बर्फातून बाहेर काढून शेकोटीपासून चार हातावर ठेवली.

आणि मग ती उघडत गेली. याच्याइतका दुसरा शब्द मला सुचत नाही. केळ्याच्या चेंबरमध्ये सकाळी दार उघडल्यावर आधी काही कळत नाही आणि मग मिनिटभराने वास एकेक करून यायला लागतात, आधी हिरवा, मग गोडसर, तसं. मुठीतला ग्लास नाकाशी नेला तर आधी रासबेरीचा जॅम, खरा, बियांसकट शिजवलेला. मग त्या बियांचा लाकडी तुरट वास, महाबळेश्वरच्या त्या द्रोणातला. मग खजूर, मनुका, जुना गूळ. घोट घेतला तर आधी गोडी, पण आता ती चिकट नव्हती, तिच्या मागोमाग आंबटपणा येऊन तिला ओढून नेत होता, मग थोडा कडवटपणा, तो हॉप्सचा, म्हणजे बियरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, आणि शेवटी छातीत शेकोटी. तोंडातून गेल्यावरही मिनिटभर रासबेरी राहते. त्या आंब्याच्या बियरसारखं दोन वेगळ्या वस्तू एका ग्लासात, असं इथे कुठेच वाटलं नाही.

मित्र दुसऱ्या घोटाला म्हणाला, "आते माले समजनं," आणि पुढे बराच वेळ काही बोललाच नाही. त्याला गप्प बसवणं सोपं नाही.

दाजींनी मात्र मुद्द्याचा प्रश्न विचारला. दाजी आयुष्यभर स्ट्राँग पिणारे, महिन्यातून एखादी, तीही गार. ते म्हणाले, "रासबेरी गोड असते म्हणून ही गोड, बरोबर ना भाऊ?"

हाच तो प्रश्न ज्यावर मी दोन वर्षं भाच्याशी बोललो होतो, आणि याचं उत्तर मला माझ्या धंद्यामुळे लवकर कळलं असं मला वाटतं. फळाची गोडी बियरमध्ये राहत नाही. रासबेरीत मुळात साखर शंभर ग्रॅमला चार-साडेचार ग्रॅम, केळ्यात त्याच्या जवळजवळ तिप्पट असते. आणि जी थोडी असते ती फळाची साधी साखर, यीस्टला, म्हणजे बियर आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीला, सगळ्यात आवडती, ती ते आधी फस्त करतं. मागे राहतो तो फळाचा वास, आंबटपणा, बियांचा तुरटपणा आणि रंग. म्हणजे फळ घातल्याने बियर उलट आंबट आणि कोरडी व्हायला बघते.

मग गोडी कुठली? गोडी धान्याची. जवाची.

हे मी दाजींना केळ्यावरून समजावलं कारण केळं त्यांच्या घरचं आहे. कच्च्या केळ्यात काय असतं, नुसता स्टार्च, गराचा जवळजवळ पाचवा हिस्सा. चेंबरमध्ये १६ ते १८ अंशांवर इथिलीन गॅस दिला की केळ्याच्या आतलीच एन्झाइम जागी होतात आणि चार-पाच दिवसांत त्या स्टार्चची साखर करतात, पिकलेल्या केळ्यात स्टार्च एखादा टक्का उरतो. गोडी बाहेरून कोणी घालत नाही, ती आतच होती, फक्त कुलपात होती. जवाचं अगदी तेच. जव भिजवून मोड आणतात, मोड आले की त्याची एन्झाइम जागी होतात, मग तो वाळवून भाजतात, त्याला माल्ट म्हणतात. ते भरडून ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की स्टार्चची साखर होते. काही साखर साधी, ती यीस्ट खातं, आणि काही साखळ्या अशा लांब की यीस्टच्या तोंडात मावतच नाहीत, त्या तशाच राहतात, त्यांनीच बियरला अंग येतं.

आणि जबर बियरमध्ये अजून एक होतं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल सोडतं, आणि तेच अल्कोहोल वाढत गेलं की यीस्टला सहन होत नाही. साधं एलचं यीस्ट ८-१०-१२ टक्क्यांपर्यंत दमतं. अठरापर्यंत न्यायचं तर यीस्टची जात चिवट लागते, आणि साखर त्याला एकदम देत नाहीत, थोडी थोडी, दिवसांच्या अंतराने भरवत नेतात, आजारी माणसाला पेज भरवतात तसं. शेवटी एक दिवस ते हात टेकतं. ताटात अजून वाढलेलं असतं पण खाणारा उठलेला असतो. जे ताटात उरलं ती ही गोडी.

मास्तर हे सगळं शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे मोहाचं उलट आहे." त्यांचं गाव सातपुड्यात आत, पावरा समाजाचे ते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात, अंधारातच टोपल्या घेऊन निघावं लागतं, आई त्यांना उठवून न्यायची. ताजं फूल तोंडात टाकलं तर इतकं गोड की तहान लागते, वाळलं की मनुक्यासारखं होतं, आणि वास सगळ्या घरात. "त्या फुलाची दारू काढली की गोडी आंबवतानाच संपते, उरलीसुरली हंड्यात मागे राहते," ते म्हणाले, "वर येतो तो फक्त वास. लहानपणी मला प्रश्न पडायचा, एवढी गोडी गेली कुठे. यात ती गेलीच नाही, इथेच बसली आहे." मग त्यांनी ग्लास परत नाकाशी नेला आणि म्हणाले की वाळलेल्या मोहाचा वास यात आहे, खालच्या थरात. मी घेऊन बघितला. होता. मनुका म्हणून जो वास मला आला होता तोच तो, फक्त त्यांच्याकडे त्याला जास्त नेमकं नाव होतं.

आणि आता आबांची गोष्ट. आबा पंचाहत्तरीचे, साठ वर्षं केळी केलेली. सावदा-रावेर स्टेशनातून दिल्लीकडे केळ्याचे वॅगन जायचे त्या काळापासूनचे. ते बाजेवरून उठून हात धुवायला आमच्या मागून गेले आणि थबकले. इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "केळं कोनी ठेवलंय रे इथं? पिलपिलं झालंय ते."

मळ्यात त्या क्षणी एकही केळं नव्हतं. लांब बागेत घड होते ते कच्चे, हिरवे.

मी आधी गोंधळलो, मग एकदम लक्षात आलं आणि अंगावर काटाच आला. पिकलेल्या केळ्याचा जो खास वास असतो तो मुख्यतः एका पदार्थाचा, आयसोअमाईल अ‍ॅसिटेट, आणि तोच पदार्थ यीस्टसुद्धा बियर होताना तयार करतं, गरम हवेत आणि जड बियरमध्ये जास्त. जर्मनीच्या गव्हाच्या बियरला केळ्याचा वास येतो तो याच्यामुळेच, त्यात केळं कुठेच नसतं. आम्ही चौघं अर्धा तास नाक ग्लासात खुपसून बसलो होतो आणि आम्हाला रासबेरीपलीकडे तो दिसला नाही, आणि ज्यांनी ग्लासला हातही लावला नाही त्या आबांनी चालता चालता पाच फुटांवरून तो उचलला. वर पिकण्याची पायरी पण सांगितली. मी परत वास घेतला आणि एकदा कळल्यावर तो जाईचना, रासबेरीच्या खाली सरळ आमचं चेंबर, पाचव्या दिवसाचं. आबांना सांगितलं की हा वास दारूतून येतोय, तर ते म्हणाले, "येऊ दे. केळाचाच हाये," आणि चहा प्यायला निघून गेले.

खाण्याबरोबर कशी लागते हे पण लिहितो कारण यात माझी पूर्ण चूक झाली. मी मनात धरलं होतं की भरीत आणि ही बियर, म्हणजे धूर आणि फळ, छान जमेल. नाही जमलं. आमच्या भरीतात मिरची भरपूर असते आणि तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीत तेल, १८ टक्क्यांचं तर विचारूच नका, एका घासानंतर घेतलेल्या घोटाने तोंड पेटलं आणि बियरची चव तर गेलीच, भरीताची पण गेली. भरीतावर ताकच बरोबर. दोघांचा अपमान नको म्हणून ग्लास बाजूला ठेवले, आधी पोटभर जेवलो आणि मग परत बसलो.

मग मित्राने पिशवीतून केळ्याच्या वेफर्सची पुडी काढली. फैजपूर, सावदा, भुसावळ या पट्ट्यात रस्त्याला उभ्या उभ्या कढईत तळून देतात तेच, साधे, मीठ आणि मिरेपूड. आणि ते जे जमलं! खारट, कुरकुरीत, पिठूळ, एक वेफर खायचा आणि एक छोटा घोट, गोडी एकदम ताळ्यावर येते आणि रासबेरीचा आंबटपणा पुढे येतो. परदेशात हिच्याबरोबर डार्क चॉकलेट नाहीतर खारट चीज खातात असं भाच्याने सांगितलं होतं, तत्त्व तेच असणार, पण मला विचाराल तर कच्च्या केळ्याच्या वेफर्सला तोड नाही.

किती प्यायची हा हिशोब मी आधीच कागदावर करून ठेवला होता आणि तो दाजींना दाखवला, कारण गोड वस्तू माणूस सरबतासारखी पितो आणि इथेच फसतो. साडेसातशे मिलीच्या १८ टक्के म्हणजे १३५ मिली शुद्ध अल्कोहोल. आपली साडेसहाशेची स्ट्राँग ८ टक्के धरली तर ५२. म्हणजे ही एक बाटली म्हणजे अडीच बाटल्या स्ट्राँग आणि वर थोडं. चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला व्हिस्कीच्या एका मोठ्या पेगपेक्षा जास्त येतं. ते आम्ही तीन तासांत घेतलं, जेवण मध्ये धरून, चहाच्या ग्लासात तळाला दोन बोटं असं. कोणाला त्रास नाही, सकाळी डोकं स्वच्छ. हीच बाटली एकट्याने क्रिकेटची मॅच बघत संपवली तर काय होईल ते मला बघायचं पण नाही.

एक गोष्ट मला खटकली ती सांगतो. मी दोन वर्षं ठेवली ते जास्त झालं. जबर बियर ठेवली की मुरते हे खरं, ते खजूर, मनुका, जुना गूळ हे सगळं मुरण्याचंच, पण फळाचा ताजा वास काळाबरोबर उडत जातो. माझ्या ग्लासात रासबेरीचा जॅम होता, ताजी रासबेरी नव्हती. भाचा सांगत होता की त्याने तिकडे ताजी प्यायली होती तेव्हा फळ नाकात उसळायचं. दोन्ही चांगलं असेल, पण मला ते महाबळेश्वरचं पहिलं फळ आठवतंय आणि मला तेच पाहिजे होतं. पुढच्या वेळी फळाची असेल तर महिन्याभरात उघडणार, फळ नसलेली जबर एल असेल ती खुशाल दोन काय चार वर्षं केळ्यांच्या शेजारी राहू दे.

शेवटची दोन बोटं दाजींना दिली. रात्रीचे साडेनऊ झाले होते, म्हणजे भाच्याकडे सकाळचे अकरा. दाजी एरवी मुलाला स्वतःहून फोन लावत नाहीत, ताईने लावला की दोन वाक्यं बोलतात, तब्येत कशी, पैसे आहेत का, झालं. त्या रात्री त्यांनी बाजेच्या कडेला बसून, ग्लास मांडीवर ठेवून व्हिडिओ कॉल लावला. शेकोटीच्या उजेडात त्यांचं अर्धंच तोंड दिसत असणार. "तुझी बाटली फोडली आज," म्हणाले. तिकडून काहीतरी मोठ्याने विचारल्याचा आवाज. दाजी म्हणाले, "गोड आहे. पण ती गोडी फळाची नाही बरं का, जवाची आहे. यीस्ट दमतं शेवटी, म्हणून उरते." मग मला बोलले ते सगळं, स्टार्च, कुलूप, पेज भरवण्यापर्यंत, त्यांनी पोराला सांगितलं, ज्याने मला ते शिकवलं होतं त्यालाच. आणि तो पठ्ठ्या ऐकत बसला, मला माहीत आहे म्हणाला नाही. बराच वेळ चालला तो फोन.

ठेवायच्या आधी दाजींनी माझ्याकडे बघून विचारलं, "किती आणता येते म्हणाला होतास, दोन लिटर ना?" मी हो म्हटलं. ते फोनमध्ये म्हणाले, "मग दिवाळीत दोन आण."